मोजणी आधीं, दोष मागून

लोणावळ्यास व मावळांत राहणाऱ्यांस पावसाचें वर्णन ऐकविण्याची गरज नाहीं. परंतु यंदांचा पाऊस गेल्या वर्षापेक्षां अधिक कीं उणा, असा प्रश्न निघाला म्हणजे चहाच्या दुकानापासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत जितकीं तोंडें तितके निकाल ऐकूं येतात. हा वाद मिटविणारें साधन साधें आहे. पर्जन्यमापक उघड्या जागीं मांडावा, तो पाऊस सुरू होण्यापूर्वीं मांडावा, व रोज नेमल्या वेळीं वाचून आंकडा वहींत टिपावा. तीन कामांपैकीं एक जरी चुकलें तरी उरलेलीं दोन व्यर्थ होतात. याच मुलखांतील पावसाच्या पाण्यावर टाटांची जलविद्युत् कंपनी १९१० सालीं स्थापन झाली, आणि येथेंच सांठविलेल्या पाण्याच्या बळावर खोपोलीची वीज १९१५ सालीं वाहूं लागली. ‘मावळांत पाऊस पुष्कळ पडतो’ एवढ्याच ज्ञानावर असलीं कामें उभीं राहत नाहींत; किती पडतो, तें मोजावें लागतें.

आज विद्यार्थिमित्रांशीं जें बोलावयाचें आहे तें पावसाविषयीं नसून संगणकाच्या प्रोग्रामाविषयीं आहे. पण न्याय एकच आहे, आणि तो विसरल्यामुळें आमच्या हातून एक अन्याय घडला, म्हणून हा लेख.

कांहीं विद्यार्थ्यांनीं आमच्या देखरेखीखालीं शाळेच्या वीस वर्षांच्या निकालांचा एकत्र तक्ता करणारा प्रोग्राम सी भाषेंत लिहिला. तो चालला खरा, पण इतका मंद कीं पाहणारे कंटाळून उठून जात. गुणानुक्रम लावण्याचा भाग नववींतील एका मुलानें लिहिला होता, व त्यासाठीं त्यानें ‘बबल सॉर्ट’ ही पद्धति वापरली होती. ही पद्धति मंद, असें पाठ्यपुस्तकांत लिहिलेलें असतें. आम्हीं तेवढ्यावरून सर्वांदेखत त्याला बोल लाविला. तो कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र त्यानें विचारलें, “गुरुजी, वेळ कोठें जातो हें मोजतां येतें काय?”

मोजतां येतें, परंतु तें कसें, हें सांगण्यासाठीं वर्गांत शिकविलेली एक गोष्ट आम्हांस आधीं दुरुस्त केली पाहिजे. प्रोग्राम ‘मेन’ या फंक्शनपासून सुरू होतो, असें आपण वहींत लिहितों. हें अर्धसत्य आहे. ‘मेन’ला हांक मारणारें कोणी तरी त्याच्या आधीं जागें असावेंच लागतें. त्या लहानशा तुकड्यास परंपरेनें ‘सीआरटी-शून्य’ म्हणतात. सी रनटाइम या शब्दांवरून तें नांव पडलें, आणि शून्य ही अगदीं आरंभाची खूण आहे. हा तुकडा बहुधा असेम्ब्ली भाषेंत लिहिलेला असतो, व त्यास कारण आहे. सी भाषेंतील फंक्शनास काम करण्यासाठीं स्टॅक नीट लागलेला हवा. तो लावून देण्याचेंच काम येथें असल्यामुळें येथें सी भाषेचा आधार पुरेसा होत नाहीं. प्रोग्रामास दिलेले शब्द उचलणें, स्टॅक जुळविणें, ‘मेन’ला हांक मारणें, आणि ‘मेन’ परतल्यावर सर्व व्यवस्थित आवरणें, हें या तुकड्याचें कर्तव्य.

आतां, जीसीसी या कंपायलरास ‘-पीजी’ अशी सूचना दिली म्हणजे दोन बदल होतात. प्रत्येक फंक्शनच्या दारावर ‘एमकाउंट’ नांवाचा एक पहारेकरी बसविला जातो. आणि जोडणीच्या वेळीं नेहमींचा आरंभीचा तुकडा काढून त्या जागीं ‘जीसीआरटी-शून्य’ हा दुसरा घालतात. लिनक्सवर या जोडीचीं नांवें सीआरटी-१ व जीसीआरटी-१ अशीं आहेत. हा दुसरा तुकडा पहिल्याचीं सर्व कामें करतोच, पण ‘मेन’पूर्वीं मोजणीची तयारीहि करवितो. ‘मॉनस्टार्टअप’ या फंक्शनास तो प्रोग्रामाच्या आज्ञांची पहिली व शेवटची सीमा कळवितो. तें फंक्शन त्या मापाचीं कोरीं कोष्टकें मांडतें व ठराविक काळानें वाजणारें घड्याळ सुरू करतें. प्रोग्राम संपतांना ‘एमक्लीनअप’ला बोलवावें, अशी नोंदहि आधींच करून ठेवली जाते. मग ‘मेन’ची पाळी. पर्जन्यमापक पावसापूर्वीं मांडला जातो तो असा.

पहारेकऱ्याचें काम नाजूक आहे. कोणत्या फंक्शननें कोणास बोलाविलें हें तो टिपतो; पण ज्याला बोलाविलें त्याच्यासाठीं आलेलें सामान त्या क्षणीं रजिस्टरांत असतें. तें जसेंच्या तसें ठेवूनच त्यास बाजूस व्हावें लागतें, नाहीं तर मोजणीच प्रोग्राम बिघडवील. म्हणून त्याचाहि कांहीं भाग बहुधा असेम्ब्लींतच लिहितात. इकडे घड्याळ साधारणतः सेकंदास शंभर वेळां वाजतें, व प्रत्येक वेळीं संगणक कोणत्या आज्ञेवर होता त्या घरांत एक खूण पडते. ज्या घरांत खुणा अधिक, तेथें वेळ अधिक गेला.

आमचा पहिला प्रयत्न फसला. प्रोग्राम मंद म्हणून आम्हीं कंट्रोल व सी या कळा दाबून तो मध्येंच थांबविला, आणि ‘जीमॉन-आउट’ ही नोंदींची फाइल शोधूं लागलों. ती नव्हतीच. ती लिहिणें हें ‘एमक्लीनअप’चें काम, व प्रोग्राम नीट संपला तरच त्याला बोलावणें जातें. दुसऱ्या खेपेस आम्हीं धीर धरला. फाइल मिळाली, ती ‘जीप्रॉफ’ या साधनानें वाचली. हें साधन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ग्रॅहम, केसलर व मॅकक्युसिक यांनीं १९८२ सालीं जगापुढें मांडलें. कोणत्या फंक्शनांत वेळ गेला हें त्यापूर्वींचें ‘प्रॉफ’हि सांगत असे, तो कोणाच्या सांगण्यावरून गेला, याचा हिशेब जीप्रॉफनें जोडून दिला.

त्या हिशेबांत मुलाच्या बबल सॉर्टचा वांटा नांवालाच होता. एकेका वर्गाची यादी लहान. तिला ती मंद पद्धतिहि पुरेशी होती. जवळजवळ सर्व वेळ विद्यार्थ्याची नोंद शोधणाऱ्या फंक्शनांत जात होता. प्रत्येक विषयाच्या प्रत्येक गुणासाठीं तें वीस वर्षांची यादी पहिल्या नांवापासून वाचीत सुटे. तें फंक्शन आम्हीं स्वतः लिहिलें होतें.

डोनाल्ड क्नूथ यांनीं १९७१ सालीं फोरट्रान भाषेंतील प्रोग्राम तपासून दाखविलें होतें कीं, प्रोग्रामाचा शेंकडा चारांहून कमी भाग सामान्यतः निम्म्याहून अधिक वेळ खातो. तो लहान भाग कोणता, हें अनुभवी माणसासहि अंदाजानें ओळखतां येत नाहीं. अंदाज बांधतांना आपण पुस्तकांत ज्याला नांवें ठेवलेलीं असतात त्याच्याकडे बोट दाखवितों, किंवा जो वयानें लहान त्याच्याकडे, स्वतःकडे क्वचितच.

मात्र मापावरहि आंधळा विश्वास नको. पहाऱ्यामुळें प्रोग्राम थोडा मंदावतोच. चाचणी क्षणार्धांत आटोपली तर खुणा इतक्या थोड्या पडतात कीं त्यांवरून निकाल देणें चूक. प्रोग्राम कळ दाबण्याची वाट पाहत बसला तर तो वेळ या हिशेबांत येतच नाहीं. एका फंक्शनास अनेकांनीं बोलाविलें असेल तर प्रत्येक हांकेस सरासरी सारखाच वेळ लागला असें जीप्रॉफ धरून चालतो, व तें नेहमींच खरें नसतें. जो मापाच्या मर्यादा जाणतो त्याच्याच हातीं माप शोभतें. परीक्षेचे गुण हातीं धरून मुलांविषयीं निकाल देणाऱ्या आम्हां शिक्षकांस हें वाक्य विशेष लागू आहे.

कोणी म्हणतील, संगणक आज इतके वेगवान असतां शाळेंतील मुलांस असेम्ब्लीच्या खोलींत कशाला न्यावें? शिवाय ‘पर्फ’सारखीं नवीं साधनें प्रोग्रामांत कांहीं न घालतांहि मोजतात. आक्षेप खरा आहे, व मोठ्या कामास तीं साधनें अधिक सोयीचीं आहेत. तरीहि आमचें मत असें कीं, शिकणाऱ्यास जुनें साधन एकदां तरी दाखवावें. कारण त्यांत मांडणें, सांठविणें व टिपणें या तिन्ही पायऱ्या उघड्या दिसतात. मुंबईस पवईच्या आयआयटींत प्राध्यापक उदय खेडकर यांनीं जीसीसीचें अंतरंग विद्यार्थ्यांस उलगडून दाखविण्याचें काम केलें आहे. तेव्हां हा विषय परकीयांनींच हाताळावा असा नाहीं. ‘मेन’च्या आधीं काय घडतें हें ज्यानें कधीं पाहिलें नाहीं, तो प्रोग्राम लिहूं शकेल, पण प्रोग्राम बिघडला असतां शोध न करतां शाप देईल.

म्हणून आमची सूचना अशी. शाळेंत लिहिलेला प्रत्येक मोठा प्रोग्राम निदान एकदां ‘-पीजी’ लावून चालवावा, शेवटपर्यंत चालूं द्यावा, त्याचा हिशेब सर्वांनीं मिळून वाचावा, आणि तोंवर कोणाच्या कामास मंद म्हणूं नये. हा नियम शिक्षकांसहि लागू असावा.

शोधणारें फंक्शन आम्हीं बदललें, तेव्हां तक्ता पाहतां पाहतां तयार होऊं लागला. पण जें आधीं करावयाचें होतें तें त्यापूर्वींच केलें होतें. बोल सर्वांदेखत लाविला होता, म्हणून चूकहि आम्हीं त्याच वर्गांत, सर्वांदेखत कबूल केली. मुलगा हंसला व म्हणाला, “गुरुजी, बबल सॉर्ट तेवढी मी बदलतोंच, उद्यां याद्या वाढल्या तर?” त्याचें म्हणणें बरोबर होतें. यादी वाढवून पुन्हां मोजावें, असें आम्हीं दोघांनीं ठरविलें.