वर बघा, खाली जेवा

आज बाजरीवर नाही, डोंगरावर लिहितोय. राग आलाय म्हणून लिहितोय, तेव्हा थोडं तिखट लागलं तर लागू द्या.

श्रावण लागला की नगरची माणसं चांदबिबी महालावर येतात. यावंच. नगरहून पाथर्डीकडं निघालं की बारा-तेरा किलोमीटरवर हा डोंगर. वर उभं राहिलं की एकीकडं सगळं नगर शहर, दुसरीकडं गर्भगिरीच्या रांगा, आणि टोपी धरून उभं राहावं असा वारा. माझं भांडण येणाऱ्यांशी नाही. भांडण आहे ते माथ्यावर पंगत मांडण्याशी.

माझं म्हणणं एवढंच: डोंगरावर बघायला जा, जेवायला खाली या.

कारण साधं आहे. माथ्यावर शहरातल्यासारखी दारात घंटागाडी येत नाही. वर नेलेलं वरच राहतं आणि पावसाळ्यात खाली येतं. कुणाकडं? आमच्याकडं. गर्भगिरी हा पाण्याची वाटणी करणारा डोंगर. एका कुशीतलं पाणी गोदावरीला जातं, दुसऱ्या कुशीतलं सीनेतून भीमेला. म्हणजे माथ्यावर टाकलेली एक प्लेट कोणत्या खोऱ्यात जायची ते फक्त वारा ठरवतो.

माझं रान पुढं करंजी घाटाच्या अंगाला. महाल नाही, पण पावसाळ्यात घाटातही तेच चालतं. गाडी कडेला, डिकी उघडी, बिर्याणीचा डबा, फोटो, आणि उरलेलं सगळं दरीत. आमच्या शेततळ्यात ओढ्याचं पाणी घेणाऱ्या पाइपाला तोंडाशी जाळी आहे. यंदा पहिल्याच मोठ्या पावसात ती जाळी चमकीचे द्रोण, ग्लास आणि वेफरच्या पाकिटांनी गच्च झाली. मी पोहोचेपर्यंत निम्मं पाणी बाजूनं निघून गेलं. पाथर्डीत असे पाऊस मोजकेच पडतात. गेलेलं पाणी म्हणजे हरभऱ्याचं एक पाणी गेलं. पिकनिकवाल्याचा कचरा दोनशे ग्रॅमचा असेल, आमचा तोटा क्विंटलमधे मोजायचा.

आता महालाचं ऐका. तो मुळात महाल नाही. मुर्तजा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान, त्याची ती कबर. अष्टकोनी, तीन मजली, दगडी. चांदबिबीचं नाव लोकांनी चिकटवलं. याच सलाबतखानाचं नाव भातोडीच्या जुन्या तलावाशी जोडलेलं आहे. १६२४ च्या भातोडीच्या लढाईत मलिक अंबरानं तळ्याचं पाणी सोडून मोगल-आदिलशाही फौजेच्या पायाखाली चिखल केला, ती ही भातोडी. ज्या माणसाचं नाव पाणी अडवण्याशी जोडलंय, त्याच्याच कबरीशेजारी बसून आपण पाण्याच्या वाटा बुजवतोय.

दुसरी गोष्ट आगीची. पावसाळ्यात कचरा, तर उन्हाळ्यात विस्तव. मार्चमधे पवन्या, मारवेल, कुसळी सगळं वाळून कडकडीत झालेलं असतं. तीन दगड मांडून कुणी चिकन शिजवतं, कुणी सिगारेट भिरकावतं, आणि रात्री डोंगर लाल दिसतो. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, पण सकाळी काळ्या डोंगराशिवाय साक्षीदार कुणी नसतो. २०१९ च्या उन्हाळ्यात आपल्या तालुक्यात जनावरं चारा छावणीत बांधली होती. गवताच्या एका पेंढीची किंमत काय, ते तेव्हा छावणीत रात्र काढलेल्याला विचारा.

खरा मुद्दा न्यायाचा आहे. डोंगर वाचवायचा म्हणून गावांनी पथ्य पाळलं. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारनं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली आणि सगळ्या राज्याला दाखवून दिलं. ते बघून कितीतरी गावांनी शेळ्या डोंगरावरून खाली आणल्या. शेळी ही गरिबाची रोजची कमाई, तरी आणल्या. मग डोंगर वाचवायचं पथ्य फक्त शेळीनंच का पाळायचं? रविवारच्या माणसाला एक जेवण खाली करायला सांगितलं तर त्याचं काय बिघडतं?

यावर एक उत्तर हमखास येतं: “वर चांगलं हॉटेल होऊ द्या, कचरा एका जागी राहील, पोरांना रोजगार मिळेल.” ऐकायला गोड आहे. पण चांदबिबी महाल संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या कायद्यातल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. कायदा बाजूला ठेवला तरी पाणी कुठून आणणार? टँकरनं. टँकर कुठं भरणार? खालच्याच विहिरीवर. एप्रिलमधे ज्या वस्त्या स्वतः टँकरची वाट बघतात, त्यांच्या विहिरीचं पाणी वर ताटं धुवायला न्यायचं, याला विकास म्हणायचं का?

रोजगार पाहिजे ना? तो खाली आहे. डिसेंबर-जानेवारीत शहरातली माणसं हुरड्याला रानात येतातच. गोवऱ्यांची आगटी, गुळभेंडी नाहीतर सुरतीचं कणीस, लसणाची चटणी, दही. कुणाला डोंगरमाथा लागत नाही. तसंच पावसाळ्यात पायथ्याला बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा, हुलग्याचे शेंगोळे मिळू द्या. आपल्याकडं निम्मी घरं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पायथ्याला बचत गटाच्या चार चुली पेटल्या तर त्यातली दोन घरं तरी कोयता घ्यायची थांबतील. फक्त एक करा: बाहेर दोनशेची प्लेट गुपचूप खाणाऱ्यांनी आमच्या मावशीशी भाकरीच्या पाच रुपयांवरून घासाघीस करू नये.

कुणी म्हणेल, शेतकरी तरी कुठं धुतल्या तांदळाचे? खरंय. मल्चिंगचा कागद, ठिबकच्या जुन्या नळ्या कितीतरी बांधांवर पडून असतात. ते उचलायचं काम आपलंच, त्यावर वेगळं लिहीन. पण आमच्या बांधावरचा कागद हा तुम्हाला दरीत प्लेट फेकायचा परवाना होत नाही.

राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लेटा, ग्लास, चमचे देशभर बंद आहेत. कायदा आहे, पण तो घाट चढत नाही. म्हणून तो गावानं चढवायचा. पायथ्याला नाका करा. जेवणाचे डबे खाली ठेवायचे, पाण्याच्या बाटल्या मोजून वर आणि मोजून खाली. काडीपेटी नाक्यावर जमा. एवढं काम गावातली दोन पोरं करतील, त्यांचा पगार गाडीतळाच्या पावतीतून निघेल.

येत्या ग्रामसभेत मी करंजी घाटासाठी हेच मांडणार आहे. तुमच्या गावाला डोंगर असेल तर तुम्हीही मांडा. आणि नगरकरांनो, या रविवारी जरूर या. वर जाताना पाण्याची बाटली घ्या आणि पोरांचा हात धरा. भूक लागली की उतरा, खाली चूल पेटलेली असेल.