मुक्तिफौजेची भाकरी आणि कामगारांचा हक्क

उपाशी माणसाला जेवू घालणाऱ्या धार्मिक संस्थांकडे कम्युनिस्टांनी कोणत्या दृष्टीने पाहावे? 2020 च्या टाळेबंदीत हा प्रश्न पुन्हा आपल्यासमोर आला. गुरुद्वारांच्या लंगरांपासून मिशनच्या स्वयंपाकघरांपर्यंत अनेकांनी गावाकडे पायी निघालेल्या मजुरांना जेवण दिले. कामगार संघटनांनीही ठिकठिकाणी चुली पेटवल्या. तेव्हापासून काही साथी म्हणतात की धर्मादाय म्हणजे निव्वळ ढोंग आहे, तर काही म्हणतात की आपणही आता मोर्चे सोडून अन्नछत्रेच चालवावीत. ही दोन्ही मते चुकीची आहेत. ती का चुकीची आहेत, हे मुक्तिफौजेच्या इतिहासावरून कळते.

विल्यम बूथ हा नॉटिंगहॅमच्या एका गहाणवटीच्या दुकानात उमेदवारी केलेला धर्मोपदेशक. गरीब माणूस अंगावरचा कोट आणि घरातली भांडी कोणत्या अवस्थेत गहाण टाकतो, हे त्याने लहानपणीच पाहिले होते. 1865 साली त्याने लंडनच्या पूर्व भागात मिशन सुरू केले आणि 1878 साली त्या मिशनने ‘साल्व्हेशन आर्मी’ हे नाव घेतले. मराठीत ती मुक्तिफौज म्हणून ओळखली जाते. 1890 साली बूथने दारिद्र्यनिर्मूलनाची योजना मांडणारा ग्रंथ लिहिला. लंडनमधील भाड्याच्या गाडीचा घोडा रस्त्यात कोसळला तर लोक त्याला उठवतात; त्याला रात्री तबेला मिळतो, चारा मिळतो आणि काम मिळते. निदान एवढे तरी माणसाच्या वाट्याला यावे, असा त्याचा साधा युक्तिवाद होता. ज्यांना एवढेही मिळत नव्हते अशांची संख्या त्याच्या अंदाजाने सुमारे तीस लाख होती, म्हणजे लोकसंख्येच्या एक दशांश. त्यांना शहरात स्वस्त अन्न, निवारा व कार्यशाळा, तेथून शेतीच्या वसाहतीत शिक्षण आणि अखेरीस साम्राज्यातील दूरच्या प्रदेशांत रवानगी, अशी त्याची योजना होती. त्यानुसार 1891 साली एसेक्समध्ये हॅडली येथे शेती वसाहत उभी राहिली.

हे ढोंग नव्हते. त्याच वर्षी मुक्तिफौजेने पूर्व लंडनमध्ये आगपेट्यांचा कारखाना काढला. त्या काळी पांढऱ्या फॉस्फरसच्या विषाने आगपेटी कामगारांचे जबडे सडत असत. मुक्तिफौजेने निर्धोक तांबडा फॉस्फरस वापरला आणि इतर मालकांपेक्षा जास्त मजुरी दिली. विषाशिवाय आणि पिळवणुकीशिवाय आगकाडी तयार होऊ शकते, हे त्या कारखान्याने मालकांच्या तोंडावर सिद्ध केले. या कामगिरीचे श्रेय नाकारण्याचे आपल्याला काहीच कारण नाही.

परंतु आदर्श कारखान्याने उद्योग बदलला नाही. मुक्तिफौजेच्या तीन वर्षे आधी, 1888 च्या जुलैत, ब्रायंट अँड मे कंपनीतील सुमारे 1400 स्त्रिया व मुलींनी संप केला होता. दंडाच्या नावाखाली होणारी मजुरीची कापाकापी त्यांनी बंद पाडली आणि आपली संघटना उभारली. पांढऱ्या फॉस्फरसच्या आगकाड्यांवर ब्रिटनमध्ये 1908 च्या आणि भारतात 1913 च्या कायद्याने बंदी आली. एका कारखान्यातील दया त्या कारखान्याच्या फाटकाशी संपते, कायदा मात्र प्रत्येक कारखान्यात शिरतो. आणि कायदा होण्यासाठी बाहेर संघटित जनमताचा रेटा असावा लागतो.

रोजगार प्रशिक्षणाची मर्यादा याहून स्पष्ट झाली. हॅनबरी स्ट्रीटवरील मुक्तिफौजेच्या सुतारशाळेत बेकार कारागिरांना काम मिळे, पण त्याचा मोबदला मुख्यतः अन्न व निवारा यांच्या रूपात मिळे. तेथला माल बाजारात स्वस्त पडू लागला, तेव्हा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुतारांच्या संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. एका बेकाराला काम देताना दुसऱ्या कामगाराची मजुरी खाली ओढली जात होती. शिकवण्याने कारागीर तयार होतो, नोकरी तयार होत नाही, हे आजच्या कौशल्यविकासाच्या जाहिराती वाचतानाही विसरू नये.

भारतात मुक्तिफौज 1882 साली मुंबई बंदरात उतरली. सुरुवातीला तिच्या मिरवणुकांमुळे ब्रिटिश अंमलदारांनी तिच्या लोकांना अटक केली. पुढे त्याच सरकारने ‘गुन्हेगार जमाती’ म्हणून शिक्का मारलेल्या लोकांच्या वसाहती तिच्या हाती सोपवल्या. 1908 पासून गोरखपूरकडे आणि पुढे तेलुगू प्रदेशात स्टुअर्टपुरमला या वसाहती चालल्या. तेथेही शिक्षण होते, उद्योग होते, पण हजेरी चुकवण्याची मुभा नव्हती. सोलापूरच्या साथींना ‘सेटलमेंट’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तारेच्या कुंपणात राहून गिरणीत राबणाऱ्यांची ती वस्ती होती. 1952 साली तो कायदा रद्द झाला तेव्हा हे लोक विमुक्त झाले. स्वातंत्र्याशिवाय दिलेले कामाचे शिक्षण सक्तमजुरीच्या किती जवळ जाते, याचा हा पुरावा आहे.

एंगेल्सने 1892 साली मुक्तिफौजेविषयी लिहिताना टवाळी केली नाही. बड्या लोकांनी तिला पैसा पुरवला खरा, पण गरिबांना ईश्वराचे निवडलेले मानणारी ही भाषा उद्या त्याच धनिकांना अडचणीची ठरू शकेल, असे त्याने नमूद केले. श्रद्धेपोटी पंगतीत वाढणारा माणूस आपला शत्रू नाही. भूक का निर्माण होते, हा प्रश्न आपण त्याच्याशीच बसून बोलला पाहिजे.

महाराष्ट्राने याचे उत्तर एकदा दिले आहे. 1972 च्या दुष्काळात सुकडी वाटली गेली आणि तिने मुले जगली. पण खडी फोडणारे स्त्री-पुरुष सुकडीवर थांबले नाहीत, त्यांनी काम मागितले. डाव्या पक्षांच्या लढ्यांनी त्या मागणीला बळ दिले. त्यातून रोजगार हमी योजना आली, 1977 साली तिचा कायदा झाला आणि 2005 साली देशव्यापी कायदा झाला. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने हा देशव्यापी कायदा मोडून त्याच्या जागी दुसरा आणला. मिळालेला हक्कही राखावा लागतो, हाच त्याचा धडा.

म्हणून अन्नछत्राच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला प्रथम जेवू द्यावे. मग त्याला विचारावे की शिधापत्रिका आहे का, यंत्रावर अंगठा जुळत नाही म्हणून दुकानदाराने परत पाठवले का, 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने ठरलेले धान्य पुरे मिळते का. तो अर्ज भरून देणे, तहसील कचेरीपर्यंत त्याच्यासोबत जाणे आणि अशा शंभर अर्जांचा मोर्चा करणे, हे आपल्या शाखेचे काम आहे. ते आपण केले नाही, तर त्या माणसाला उद्याही त्याच दारात उभे राहावे लागेल.