विश्लेषण : वाय-फाय सुटले तरी जोडणी का तुटावी?

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारमध्ये आधी पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मगच कोणती पिके घ्यायची ते ठरते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले; त्यानंतरच्या वर्षांत गावाने ही शिस्त अंगी बाणवली. फोनला मिळणाऱ्या नेटवर्कचा असा हिशेब मात्र क्वचितच ठेवला जातो.

जोडणी तुटते कशी?

घरच्या वाय-फायवरून पीक विम्याची कागदपत्रे अपलोड होत असताना शेतकरी बांधाकडे निघाला, की फोन मोबाइल डेटावर जातो आणि त्याचा आयपी पत्ता बदलतो. नेहमीच्या टीसीपी पद्धतीत जोडणी दोन्ही टोकांच्या पत्त्यांना बांधलेली असते. पत्ता बदलला की ती तुटते आणि अनेकदा काम पहिल्यापासून करावे लागते.

उपाय काय?

‘मल्टिपाथ टीसीपी’मध्ये एकाच जोडणीसाठी अनेक वाटा वापरता येतात. एक बंद पडली तर माहिती दुसरीवरून जाते. अ‍ॅपलने २०१३ मध्ये ‘सिरी’साठी ही पद्धत वापरली. २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीपासून ती मूळ कर्नलमध्ये आली.

पडद्यामागे कोण?

लिनक्सवर ‘एमपीटीसीपीडी’ ही सेवा पार्श्वभूमीवर चालते. नवा पत्ता मिळाल्यावर समोरच्या टोकाला कळवणे, नवी वाट उघडणे, नको ती बंद करणे आणि एखादी राखीव ठेवणे, ही कामे ठरवून दिलेल्या धोरणानुसार तिच्यामार्फत होतात. प्रत्यक्ष माहितीची ने-आण कर्नलच करतो.

मग अडते कुठे?

समोरच्या सर्व्हरलाही ही पद्धत यावी लागते. नसेल तर जोडणी साध्या टीसीपीवर येते. अँड्रॉइड फोनवर ही सोय सरसकट मिळत नाही. शिवाय दुसरी वाट मोबाइल डेटाची असेल, तर खर्च ग्राहकाच्या पॅकमधून होतो. त्यामुळे ती सतत वापरायची की केवळ अडचणीला, हे ठरवण्याचा अधिकार ग्राहकाकडेच हवा.

अर्ज आणि दाखले ऑनलाइन सक्तीचे करणाऱ्या यंत्रणांनी निदान आपल्या सर्व्हरवर ही सोय सुरू करावी. ताळेबंद मांडल्याने पाऊस वाढत नाही, तसा या सेवेने नवा टॉवर उभा राहणार नाही. पण आहे ते नेटवर्क वाया जाणार नाही आणि अर्ज अर्ध्यावर अडकणार नाही.