दसऱ्याच्या बुकिंगआधी थोडे थांबा : रिछाई परिसरातील मराठी घरांना तातडीचे आवाहन

रिछाई, अधारताल, रांझी आणि जबलपुरातल्या प्रत्येक मराठी घराला, तसेच येत्या काही दिवसांत पहिली स्पोर्ट बाइक घेऊ पाहणाऱ्या सर्व मुलामुलींना,



दसरा तोंडावर आला आहे. शोरूममध्ये बुकिंग सुरू झाले आहे आणि आपल्यातल्या कितीतरी घरांत सध्या एकच विषय आहे : बाइक कोणती घ्यायची? गाडी मुहूर्तावर घरी आणावी, आईने तिला हळदकुंकू लावावे, झेंडूचा हार घालावा, ही आपली जुनी आणि गोड रीत आहे. मुलांच्या हौसेआड येण्याची माझी इच्छा नाही. स्पोर्ट बाइक हे सुंदर यंत्र आहे आणि ते नीट चालवता येणे ही एक विद्या आहे. माझी विनंती एवढीच, की बुकिंगचे पैसे भरण्याआधी हे पत्रक घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावे. आजच वाचावे, कारण गाडी दारात उभी राहिल्यावर यातले अर्धे सांगणे वाया जाईल.

घाई का, तेही सांगतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालात दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांमध्ये सर्वाधिक अपघात दिल्लीत झाले, त्याखालोखाल इंदुरात, आणि तिसरा क्रमांक आपल्या जबलपूरचा होता. त्या एका वर्षात इथे चार हजारांहून अधिक अपघात नोंदले गेले. बंगळुरू आणि चेन्नई आपल्याहून कितीतरी मोठी शहरे, पण या यादीत ती आपल्या खाली होती. त्याच वर्षी देशभरात 1,68,491 माणसे रस्त्यावर दगावली. त्यांतली 74,897 दुचाकीवर होती. हेल्मेट नसताना गेलेल्यांची संख्या 50,029. हे आकडे दूरच्या कुणाचे नाहीत. त्यात आपले शहर आहे, आपले रस्ते आहेत.

आता कायद्यातली एक गोष्ट लक्षात घ्या, कारण तिच्यामुळेच सगळी जबाबदारी आपल्या घरावर येऊन पडते. युरोपात पायऱ्या आहेत. सुरुवातीच्या परवान्यावर 125 सीसीपर्यंतची गाडी चालवता येते. मधल्या परवान्यावर 35 किलोवॉट, म्हणजे सुमारे 47 अश्वशक्तीची मर्यादा असते. त्यापुढे जायला वेगळा परवाना लागतो. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलचा परवाना एकच. अठरा वर्षांच्या मुलाने काल शंभर सीसीच्या गाडीवर चाचणी दिली असली, तरी आज तो दोनशे अश्वशक्तीची हजार सीसीची बाइक घेऊन शोरूमबाहेर पडू शकतो. त्याला कायदा अडवत नाही, शोरूमही अडवत नाही, आणि बँक तर हप्ता बांधून देते. मग अडवायचे कुणी? आपणच.

यंत्रांची भीती आणि यंत्रांची कदर या शहराला शिकवावी लागत नाही. इथली गन कॅरेज फॅक्टरी 1904 ची. वाहन निर्माणी 1969 ची, जिथून शक्तिमान ट्रक आणि जोंगा जीप बाहेर पडल्या. रिछाईतल्या कारखान्यांत आपल्यातले कितीतरी जण लेथवर आणि प्रेसवर हात बसवून मोठे झाले. नव्या अप्रेंटिसला पहिल्या दिवशी मोठ्या प्रेसवर कुणी उभे करत नाही. आधी फाइल, मग ड्रिल, मग लेथ, आणि तेही वस्तादाच्या नजरेखाली. दोन चाकांच्या यंत्राला हाच नियम लावा, एवढेच माझे मागणे आहे.

गाडी निवडताना

पहिली स्पोर्ट बाइक 150 ते 200 सीसीच्या घरातली घ्या. यामाहाच्या आर15 चे इंजिन 155 सीसीचे, ताकद सुमारे 18 अश्वशक्ती आणि वजन 140 किलोच्या आसपास. सुझुकीची जिक्सर एसएफ त्याहून थोडी सौम्य आहे. ज्याने घरची साधी मोटारसायकल दोन-तीन वर्षे नीट चालवली आहे, त्याने बजाजची पल्सर आरएस200 किंवा केटीएमची आरसी 200 पाहावी. या दोन्ही सुमारे 25 अश्वशक्तीच्या आहेत. टीव्हीएसची अपाचे आरआर 310 किंवा केटीएमची आरसी 390 या उत्तम गाड्या आहेत, पण पहिल्या नव्हेत. त्यांचा ॲक्सिलरेटर चुकून जरा जास्त पिळला गेला, तर सावरायला वेळ उरत नाही. सहाशे-हजार सीसीच्या गाड्यांचा तर विचारही आज नको.

सीसी आणि टॉप स्पीड विचारण्याआधी गाडीवर बसून पाहा. दोन्ही पायांचे चवडे जमिनीवर टेकतात का? बंद गाडी हाताने मागे ढकलता येते का? स्पोर्ट बाइकचे हँडल खाली असते आणि पाय मागे ठेवावे लागतात. शरीराचा भार मनगटांवर येतो, आणि हँडल कमी वळत असल्याने गल्लीत गाडी फिरवणे अवघड जाते. दहा मिनिटांच्या टेस्ट राइडमध्ये पाठ-मनगट दुखू लागले, तर रोज कारखान्यात किंवा कॉलेजात जायला ती गाडी कामाची नाही. त्याच इंजिनाची सरळ हँडलची गाडी बहुतेक कंपन्यांकडे मिळते. तीही पाहा.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, दोन्ही चाकांना आहे की फक्त पुढच्या, हे विचारा. 125 सीसीवरच्या गाड्यांना एबीएस 2019 पासून सक्तीचे आहे, पण एका चाकाचे असले तरी नियम पुरा होतो. ऐपत असेल तर दोन्ही चाकांचेच घ्या.

जुनी गाडी घेणार असाल, तर ओळखीचा मिस्त्री सोबत न्या. पुढचे फोर्क तेल गळतात का, हँडल सरळ असताना चाक सरळ राहते का, चेसिसवर वेल्डिंगच्या खुणा आहेत का, हे त्याला पाहू द्या. गाडीच्या नोंदणी पुस्तकावर (आरसीवर) बँकेचा बोजा नाही ना, ते तुम्ही पाहा. पाडलेली स्पोर्ट बाइक नव्या रंगात ओळखू येत नाही.

पैसे कुठे घालायचे

पैशांचा हिशोब करताना क्रम बदला. आधी हेल्मेट, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट आणि कोपर-खांद्याला पॅड असलेले जॅकेट. उरलेल्या पैशांत गाडी. हे बजेटमध्ये बसत नसेल, तर गाडी एक पायरी खालची घ्या. हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारे आणि आयएसआय शिक्क्याचे असावे, डोके हलवले तर आत ते फिरू नये आणि पट्टा प्रत्येक वेळी लावलेला असावा. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी निघून जाते. मागे बसणाऱ्यालाही तसलेच हेल्मेट हवे. वर दिलेल्या 50,029 मध्ये 14,337 जण मागे बसलेले होते.

विम्याचेही नीट पाहा. नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा असतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुधा एकाच वर्षाचा. तो वेळेवर भरा, आणि चालकाचे पंधरा लाखांचे अपघाती संरक्षण त्यात आहे ना, हे पॉलिसी वाचून खात्री करून घ्या.

चालवताना

वेग वाढतो तेव्हा थांबण्याचे अंतर त्याहून झपाट्याने वाढते. ताशी 60 ने जाताना समोर काही आले, तर मेंदूला कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत गाडी सुमारे 25 मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण 20 मीटर. ताशी 100 ला हेच एकूण अंतर शंभर मीटरच्या जवळ जाते. वेग दुपटीहून कमी वाढला, अंतर मात्र दुपटीच्या वर गेले. रिछाईच्या फाटकातून वळण घेत बाहेर येणाऱ्या ट्रकला तुमच्यासाठी शंभर मीटर मोकळे ठेवता येत नाहीत.

ब्रेकची सवय आधी रिकाम्या जागेत करा. थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, कारण ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो. पण तो एकदम आवळायचा नाही. आधी हलका दाब, मग वाढवत न्यायचा, आणि मागचा ब्रेक सोबतीला. वळणावर वेग आत शिरण्याआधी कमी करा. नजर जिथे जायचे तिथे ठेवा, कारण खड्ड्याकडे पाहत राहिलात तर गाडी खड्ड्याकडेच जाते. नव्या टायरवर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर पकड कमी असते, तोवर गाडी फार झुकवू नका. टायरची हवा आठवड्यातून एकदा, सकाळी टायर थंड असताना तपासा. चेनला साधारण पाचशे किलोमीटरवर तेल द्या.

आणि आपले रस्ते ओळखा. औद्योगिक वसाहतीत डिझेलचे डाग, सांडलेली वाळू, लोखंडाचा कीस असतो, आणि पाळी सुटताना सायकलींची गर्दी उसळते. तिथे चाळीसच्या वर जाण्याचे कारणच नाही. डुमना विमानतळाच्या रस्त्याला लागून राखीव निसर्गक्षेत्र आहे, संध्याकाळनंतर हरिण कधी आडवे येईल सांगता येत नाही. मदनमहाल ते दमोह नाका हा उड्डाणपूल लांब आणि मोकळा आहे, म्हणूनच तिथे हात सैल सुटतो. तो शर्यतीसाठी बांधलेला नाही. नागपूरला आत्याकडे, मामाकडे बाइकने जायची प्रत्येकाला हौस असते. लखनादौन, सिवनीमार्गे हा प्रवास अडीचशे किलोमीटरहून अधिक आहे, आणि वाटेत पेंचचे जंगल लागते. पहिले सहा महिने तो बेत नको. पुढेही जाल तेव्हा उजाडल्यावर निघा आणि अंधाराआधी पोहोचा.

मोबाइलवरच्या व्हिडिओंची स्पर्धा करू नका. मे 2023 मध्ये यमुना एक्सप्रेसवेवर ताशी 300 किलोमीटर गाठण्याच्या नादात एका तरुणाने जीव गमावला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चेन्नईच्या शर्यतीच्या ट्रॅकवर, पूर्ण सुरक्षा साहित्य अंगावर असताना, श्रेयस हरीश हा तेरा वर्षांचा गुणी स्पर्धक अपघातात गेला. जिथे पंच असतात, डॉक्टर असतात, समोरून ट्रक येत नाही, तिथेही वेग एवढी किंमत मागतो.

प्रत्येकाकडून एक मागणी

आईवडिलांनो, अठरा पूर्ण होईपर्यंत किल्ली देऊ नका. सोळाव्या वर्षी फक्त 50 सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवता येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 199ए नुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. दहावी-बारावीच्या गुणांचे बक्षीस म्हणून बाइक कबूल केली असेल, तर शब्द मोडा. मूल रुसेल, पण सुखरूप राहील.

रिछाईतल्या कारखानदार बंधूंनो, तुमच्या आवारात रविवारी सकाळी काँक्रीटची जागा रिकामी असते. एक तास ती नव्या मुलांना ब्रेक आणि वळणाच्या सरावासाठी द्या. सोबत एखादा जुना, शांत डोक्याचा चालक उभा करा.

मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, नवरात्रातल्या एका संध्याकाळी अर्धा तास या विषयाला द्या, आणि मिरवणुकीतली बाइक रॅली बिनहेल्मेटची निघू देऊ नका.

आणि सर्वांना, अपघात दिसला तर थांबा. 112 किंवा 108 लावा. जखमीचा श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नका, मान हलवू नका. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 134ए चे संरक्षण आहे. पोलीस तुम्हाला अडकवू शकत नाहीत, नाव सांगण्याचीही सक्ती नाही. 2025 पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची योजना लागू आहे. रुग्णालयात या योजनेविषयी आवर्जून विचारा.

मुलामुलींनो, शेवटचे सांगणे तुम्हाला. दीडशे सीसीवर वर्षभर नीट शिकलात तर तीनशे सीसी तुम्हाला कधीही घेता येईल. घाईने चुकलात तर दुसरी संधी मिळेलच असे नाही. तेव्हा आज रात्री जेवताना तीन गोष्टी घरात ठरवा : गाडी दोनशे सीसीच्या आतली, हेल्मेट-जॅकेट गाडीच्या आधी, आणि पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत ना महामार्ग, ना डबलसीट. हे तिन्ही कागदावर लिहा, खाली सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि मगच उद्या शोरूमला जा.

आपला,
रिछाईतील एक मराठी रहिवासी