शाळा पुन्हा बांधताना

शाळेच्या नव्या इमारतीवरून आमच्या मोहल्ल्यात नुकतीच बैठक झाली. असरनंतर शादीखान्यात सगळे जमले. पालक होते, शेजारी होते, जमातीची वडीलधारी मंडळी होती, आणि भिंतीकडेच्या खुर्च्यांवर आया आणि आजीही होत्या. त्या बैठकीत आमच्याकडून एक चूक झाली. ती आधी सांगतो, कारण या वेळचा विषय तिच्यातूनच निघाला आहे.

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून एका खालांचे घर आहे. त्या उठून म्हणाल्या, "नवी इमारत तीन मजली होणार असेल तर आमची हरकत आहे." आम्ही तडक उत्तर दिले, "खाला, तुमचे दोन्ही मुलगे याच शाळेत शिकले. आता ते शिकून झाले म्हणून शाळा नको का?" सभेत हशा झाला आणि खाला खाली बसल्या. घरी येईपर्यंत आम्हाला वाटत होते की आपण शाळेची बाजू चांगली मांडली.

दुसऱ्या दिवशी खालांनी निरोप पाठवून बोलावले. चहा दिला आणि मागच्या अंगणात नेले. तिथे मोरी, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, सुनेची चूल. खालांनी बोट वर करून दाखवले. "टीचर, स्कूल हमकू भी होना. पन खिडक्या हमारे मोरी पे नको." नव्या नकाशात वर्गांच्या मोठ्या खिडक्या बरोबर त्या अंगणावर उघडणार होत्या. घरातल्या बायकांनी दिवसभर वावरायचे कुठे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. बैठकीत शंभर माणसांसमोर 'मोरी' हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही आणि आम्ही त्यांना शाळेचे शत्रू ठरवून मोकळे झालो.

आता मूळ हकीकत. आमची शाळा नगर परिषदेची. एकाच आवारात सकाळी मराठी आणि दुपारी उर्दू असे दोन वर्ग भरत. मोहल्ल्यातल्या तीन पिढ्या तिथे शिकल्या. गेल्या वर्षी इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट झाले आणि तिला 'सी-१' शेरा मिळाला. सी-१ म्हणजे राहण्या-वापरण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करण्याची इमारत. शेरा चुकीचा नव्हता. पावसाळ्यात छताचे पोपडे बाकांवर पडत होते आणि आम्ही स्वतः मुलांना भिंतीपासून लांब बसवत होतो. मुलांना हायवेपलीकडच्या दुसऱ्या शाळेत हलवले. अंतर सुमारे दोन किलोमीटर.

शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अशी अंतराची मर्यादा आहे. म्हणजे सहावी-सातवीच्या मुलींना दोन किलोमीटर लांब पाठवले तर कायद्याच्या पट्टीत ते बसते. आईच्या पट्टीत मात्र बसत नाही. मधे हायवे आहे, दुपारी ट्रकांची रांग आहे, पलीकडे धाबे आहेत. सातवीतली एक हुशार मुलगी, जिचे उर्दू हस्ताक्षर आम्ही इतरांना दाखवायचो, दिवाळीनंतर आलीच नाही. घरी गेलो तर ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी. आई म्हणाली, "इमारत झाली की लगेच पाठवते, टीचर." आम्ही मनात हिशोब केला. मंजुरी, निविदा, बांधकाम धरून तीन वर्षे सहज जातील. आज तेराची असलेली मुलगी तेव्हा सोळाची असेल. तोवर तिची सातवी कोण थांबवून ठेवणार?

म्हणून इमारत लवकर हवी, यावर मोहल्ल्यात दुमत नव्हते. मतभेद सुरू झाले ते एका जाहिरातीवरून. स्थानिक दैनिकाच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवल्याच्या नोटिशींच्या मधे, बारीक अक्षरात नगर परिषदेची सूचना आली. विकास आराखड्यात आमच्या जागेवर 'प्राथमिक शाळा' असे आरक्षण आहे. त्यात फेरबदल करून 'प्राथमिक शाळा व व्यापारी गाळे' करण्याचा प्रस्ताव होता. खाली दुकाने, वर शाळा. आम्ही रोज वर्तमानपत्र वाचतो, पण हे पान कधी वाचलेले नव्हते. रद्दी घेणाऱ्या दुकानदार पालकाने ते कापून आणून दिले, तोपर्यंत मुदतीतले नऊ दिवस संपले होते.

ही मुदत काय असते, हे वाचकांनी नीट समजून घ्यावे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे मंजूर विकास आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असेल तर आधी सूचना प्रसिद्ध करावी लागते. त्या तारखेपासून एक महिन्यात कोणीही हरकत किंवा सूचना देऊ शकतो. मग सुनावणी होते आणि प्रस्ताव मंजुरीसाठी राज्य शासनाकडे जातो. 'कोणीही' म्हणजे खरेच कोणीही. जागेचा मालक असण्याची गरज नाही, पालक असण्याचीही नाही. पण तो महिना गेला की पुढे मोर्चा काढला तरी उत्तर एकच येते, तेव्हा का बोलला नाहीत?

जागेचा वापर बदलायचा नसेल, म्हणजे शाळेच्या जागी फक्त शाळाच बांधायची असेल, तर अशी सूचना निघत नाही. तेव्हा नकाशा आपणच मागून घ्यावा लागतो. माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज केला तर सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. दुसरा मार्ग शाळा व्यवस्थापन समितीचा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा तयार करणे हे समितीचेच काम आहे, आणि शासनाचे नियोजन व अनुदान त्या आराखड्याच्या आधारे व्हावे असे कायदाच म्हणतो. आमच्या समितीची वही काढून पाहिली. सह्या होत्या, आराखडा नव्हता. त्या सह्यांत आमचीही एक होती.

गाळ्यांबाबत जमातीतल्या काही बुजुर्गांचे म्हणणे वेगळे होते, आणि ते टाकाऊ नव्हते. नगर परिषदेकडे पैसा नाही. गाळ्यांच्या अनामतीतून आणि भाड्यातून वरचे मजले लवकर उभे राहतील. चार पोरांना धंद्याला जागा मिळेल. एक चाचा म्हणाले, "गाळे नसतील तर शाळा कागदावरच राहील." त्यांना उत्तर देणे सोपे नव्हते, आणि आजही नाही.

पण खाली दुकाने आली की काय काय बदलते, ते आम्ही फळ्यावर लिहून दाखवले. पहिलीची मुले जिना चढून वर जाणार. पायाने अधू असलेले मूल कसे जाणार? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेच्या इमारतीला काय हवे ते सांगितले आहे. प्रत्येक शिक्षकाला निदान एक वर्गखोली, अडथळ्याविना प्रवेश, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, पोषण आहारासाठी स्वयंपाकघर, खेळाचे मैदान, कुंपण. प्रस्तावातल्या नकाशात मैदानाच्या जागी गाळ्यांचे पार्किंग होते.

आणि आग. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतल्या कुंभकोणम येथे एका शाळेला आग लागून ९४ मुले गेली. आग स्वयंपाकघरातून गवती छपराला लागली, आणि मुलांना बाहेर पडायला वाट अपुरी होती. त्या घटनेनंतरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सांगितले की मुलाच्या शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो. आमच्या नकाशात गाळ्यांना आणि शाळेला एकच जिना होता. खाली उद्या वडापावचे दुकान आले, गॅसच्या टाक्या आल्या, तर वरच्या दोनशे मुलांनी कुठून उतरायचे? हे विचारल्यावर चाचा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गाळे रस्त्याच्या बाजूला ठेवा, पण जिना वेगळा करा. आणि हॉटेल नको." ही सूचना त्यांची आहे. अर्जात ती आम्ही त्यांच्याच नावाने घातली.

खालांच्या अंगणातून परतल्यावर आम्ही आणखी एक काम केले. शाळेच्या चारही बाजूंच्या घरांत गेलो. समोरच्या गल्लीतल्या मराठी कुटुंबातले काका म्हणाले, "सर्वात मोठा त्रास रिक्षांचा. शाळा सुटायच्या वेळी आजारी माणसाला बाहेर काढायचे म्हटले तरी वाट नसते." शेजारच्या भाडेकरूची तक्रार परिपाठाच्या भोंग्याची. रात्रपाळीहून येऊन तो सकाळी झोपतो. एका आजींना सुट्टीत गच्चीवर चढणाऱ्या पोरांची भीती होती. शाळा नको, असे एकानेही म्हटले नाही. प्रत्येकाला एकेक गोष्ट नको होती, आणि ती प्रत्येक गोष्ट नकाशावर पेन्सिलीने सुधारता येण्यासारखी होती.

शेजाऱ्याचा हक्क आपण मुलांना पहिलीपासून शिकवतो. शेजाऱ्याला त्रास देऊ नये, त्याच्या घरात डोकावू नये. मग शाळा स्वतः कोणाची तरी शेजारी आहे, हे आमच्या लक्षात का आले नाही?

शेवटी एकच अर्ज केला, पालकांचा आणि शेजाऱ्यांचा मिळून. त्यात सूचना अशा होत्या. मैदान कमी करू नये. गाळे करायचेच असतील तर फक्त रस्त्याच्या बाजूने, वेगळ्या वाटेने, आणि त्यांत हॉटेल, गॅस किंवा गोदाम नको. पहिली-दुसरीचे वर्ग आणि एक स्वच्छतागृह तळमजल्यावर. दोन जिने. मागच्या बाजूला मोठ्या खिडक्यांऐवजी उंचावर झरोके आणि जाळीच्या विटा, उजेडासाठी मोठ्या खिडक्या मैदानाकडे. दुसरे फाटक मोठ्या रस्त्याकडे, रिक्षा तिथेच थांबतील. दोन्ही शाळांच्या वेळांत अर्ध्या तासाचे अंतर.

शेवटची सूचना त्या सातवीतल्या मुलीसाठी होती. बांधकाम चालू असताना मुले कुठे बसतील, हे प्रस्तावात एका ओळीनेही लिहिलेले नव्हते. नगर परिषदेचाच शादीखाना शाळेपासून दोनशे पावलांवर आहे. लग्नाच्या तारखा सोडल्या तर तो रिकामाच असतो. सहावी-सातवीचे वर्ग इमारत होईपर्यंत तिथे भरवावेत, असे आम्ही मागितले.

अर्ज करणाऱ्यांसाठी अनुभवाचे दोन शब्द. 'आमचा तीव्र विरोध आहे' एवढेच लिहू नका. सूचनेची तारीख, सर्व्हे नंबर, आपण कोण, नेमके काय बदलावे आणि का, हे क्रमांक घालून लिहा. 'सुनावणीस हजर राहून म्हणणे मांडायचे आहे' हे वाक्य जरूर घाला. अर्ज आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊन पोच जपून ठेवा. आमच्या अर्जावर एकशे बारा सह्या झाल्या. सहीला सर्वांत आधी हात पुढे आला तो खालांचा. त्या आधी सर्वांसमोर त्यांची माफी मागायची होती, ती मागितली. त्या म्हणाल्या, "टीचर, माफी राहू दे, खिडक्या लिहिल्यास ना?"

सुनावणी झाली. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकले, झरोक्यांची आणि दुसऱ्या जिन्याची सूचना टिपून घेतली. मैदानाबद्दल 'पाहू' म्हणाले. गाळ्यांचा निर्णय शासनाकडे आहे, तो आज सांगता येत नाही. शादीखान्याला मात्र तोंडी होकार मिळाला. तोंडी होकारावर बाके हलवता येत नाहीत, म्हणून आम्ही दर सोमवारी शाळा सुटल्यावर लेखी आदेशाची चौकशी करायला जातो. आता तिथला शिपाई आम्हाला पाहिले की खुर्ची ओढून देतो.

वाचकहो, तुमच्या गावातही मोहल्ल्यातली एखादी शाळा जुनी झाली असेल. आज ना उद्या ती पाडून बांधायची वेळ येईल. त्या आधी तीन गोष्टी करून ठेवा. विकास आराखड्यात शाळेच्या आणि मैदानाच्या जागेवर काय लिहिले आहे ते नगररचना विभागात जाऊन पाहा. खासगी जागेवर शाळेचे आरक्षण असेल तर अधिक सावध राहा. दहा वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही आणि मालकाने नोटीस दिल्यावर चोवीस महिन्यांत पाऊल उचलले नाही, तर कलम १२७ प्रमाणे ते आरक्षण रद्द होते. व्यवस्थापन समितीची वही उघडा आणि आराखडा खरोखर लिहा. आणि शाळेच्या चारही भिंतींपलीकडच्या घरांत एकदा जाऊन चहा घ्या.

त्या मुलीच्या घरी आम्ही परवा पुन्हा गेलो होतो. शादीखान्याचे सांगितले. आई म्हणाली, "तिथे भरली तर उद्यापासून येईल." मुलीने विचारले, "टीचर, माझी वही तपासाल का?" घरी बसून तिने धडे उतरवून काढले होते. वही आम्ही घेऊन आलो आहोत. पुढच्या सोमवारी नगर परिषदेत जाताना ती पिशवीत असेल.