वेगाला कुंपण

बँकेत पस्तीस-छत्तीस वर्षे काढली की माणसाला एक खोड लागते. समोरचा कितीही उत्साहाने बोलत असला तरी मन आतून विचारत राहते, 'तारण काय? आणि बुडाले तर कोणाचे बुडणार?' पुढे कादंबऱ्या लिहू लागलो, पण ही खोड काही सुटली नाही. त्यामुळे गेल्या वर्षी मे महिन्यात इंग्लंडला पुतण्याकडे निघालो, तेव्हा वहिनींनी योग्य माणूस निवडला असेच म्हणायला हवे.

'भावजी, तुम्ही त्याला समजावा,' त्या म्हणाल्या. 'शर्यतीच्या रस्त्यावर गाडी पळवतो म्हणे. हेल्मेट घातलेला फोटो पाहिला मी.' एवढे बोलून त्या आत गेल्या. पुढचे बोलण्याची गरजच नव्हती. 1994 साली जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, खंडाळ्याच्या घाटात आमचा दादा गेला. तेव्हा हा पुतण्या सात वर्षांचा होता.

पुतण्या मिल्टन कीन्सला राहतो. त्याची गाडी पाहून मी थोडा खट्टूच झालो. स्विफ्ट! आपल्याकडे गल्लोगल्ली दिसते तीच. पण ती तिची तिखट बहीण निघाली. स्विफ्ट स्पोर्ट. बाहेरून घरगुती, पाच दारांची, मागे भाजीच्या पिशव्या ठेवता येतील अशी. आत मात्र 1.4 लिटरचे टर्बो इंजिन, 140 अश्वशक्तीचे, आणि वजन एक हजार किलोच्याही आत. अशा गाड्यांना तिकडे 'हॉट हॅच' म्हणतात. 1976 साली आलेल्या फोक्सवागनच्या गोल्फ जीटीआयने ही जात युरोपात रुजवली. श्रीमंतांच्या खेळात पगारदार माणसाला मिळालेला हा मागचा दरवाजा म्हणा ना.

'काका, ट्रॅक डेला चला माझ्याबरोबर. आधी बघा, मग समजवा,' तो म्हणाला. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. शर्यती नसतात त्या दिवशी एखादी संस्था सर्किट भाड्याने घेते आणि पैसे भरणाऱ्या साध्या माणसांना आपापली गाडी तिथे चालवू देते. त्याने निवडलेले ठिकाण होते बेल्जियममधले स्पा-फ्रँकोरशाँ. ब्रिटनच्या व्हिसावर तिथे जाता येत नाही, शेंगेन व्हिसा वेगळा लागतो. तो मी पुण्याहून निघतानाच काढून ठेवला होता. म्हणजे समजवायला निघालेला माणूस मनातून थोडा फितूर झालाच होता.

फोकस्टनला गाडीसकट आगगाडीत शिरलो. 1994 साली सुरू झालेला हा चॅनेलखालचा बोगदा पन्नास किलोमीटर लांब आहे, आणि आपल्याच गाडीत बसून पस्तीस मिनिटांत माणूस फ्रान्समध्ये निघतो. कॅलेला बाहेर पडताच जग उलटे झाले. रस्त्याची उजवी बाजू आपली, पण गाडी इंग्लंडची, चालक उजवीकडेच बसलेला. पुढे ट्रक असला की समोरचे त्याला दिसत नाही. ते दिसते डावीकडे बसलेल्याला, म्हणजे मला. 'काका, समोरून काही येतंय का?' तो विचारायचा, आणि मी नीट पाहून सांगायचो. दुपदरी रस्त्यांवर दोन-तीनदा असे झाले. दर वेळी माझ्या पोटात खड्डा पडला. दादा नेमका असाच गेला होता, ट्रकच्या मागून बाहेर पडताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्किटवर पोचलो. वेडे, बेफाम तरुण दिसतील ही माझी अपेक्षा. दिसले काय, तर चहा-कॉफीचे पेले हातात धरून चाकांतली हवा मोजणारे पन्नाशीचे गृहस्थ. आधी गाडीच्या आवाजाची मोजणी. मर्यादेपेक्षा जास्त असेल तर गाडी आत नाही. मग सर्वांना एका खोलीत बसवून सूचना. कोणाशी चुरस नाही. वेळ मोजायची नाही. पुढे जायचे ते एकाच बाजूने, आणि तेही पुढच्याने वाट दिल्यावर. पिवळा झेंडा म्हणजे धोका, वेग कमी. लाल म्हणजे सावकाश परत या. काळा म्हणजे तुमच्याशी बोलायचे आहे. कठडा मोडला तर भरपाई तुमची. नेहमीचा विमा इथे लागू नसतो, वेगळा काढावा लागतो. प्रत्येकाने सही केली. माझ्यातला अधिकारी सुखावला. कर्जाचे कागद इतक्या मनापासून वाचून सही करणारे खातेदार मी फार थोडे पाहिले आहेत.

पहिल्या फेऱ्या सावकाश, रस्ता ओळखण्यापुरत्या. नंतर मीही हेल्मेट चढवून शेजारी बसलो. सात किलोमीटरचा तो रस्ता आर्देनच्या जंगलातून जातो. 'ओ रूज' नावाचा, लोहाने तांबूस झालेल्या पाण्याचा एक ओढा आहे. त्याच्यावरून उतरत उतरत यायचे आणि क्षणात समोरची भिंतीसारखी चढण घ्यायची. त्या चढणीचे नाव रेडियाँ. वर पोचेपर्यंत पुढे काय आहे ते दिसत नाही. खोटे कशाला बोलू? मी डोळे मिटले. दुसऱ्या फेरीला उघडे ठेवले. तिसऱ्या फेरीला मात्र, या वयात सांगायला लाज वाटते, मजा आली.

मजेपेक्षा पुतण्याचे हात लक्षात राहिले. कुठेही घाई नाही, हिसका नाही. चार फेऱ्या झाल्या की एक फेरी संथ. 'ब्रेक गार व्हायला हवेत,' तो सांगे. साध्या गाडीचे ब्रेक अशा वापरासाठी नसतात. ते गाडीच्या गतीची उष्णता करतात, आणि फार तापले तर ब्रेकमधले तेल उकळून पायाखालचे पेडल मऊ पडते. शंभरऐवजी एकशेचाळीसने गेलो तर ब्रेकवरचा भार दीडपट नव्हे, जवळजवळ दुप्पट होतो. व्याज वाढावे तसा वेग वाढतो; सरळ नव्हे, चक्रवाढ. परत आल्यावर तापलेल्या गाडीला हँडब्रेक लावायचा नाही, गिअरमध्ये उभी करायची. बेफिकीर म्हणून ज्याला समजवायला आलो होतो, तो हे सारे नेमाने करत होता.

दुपारी तीनच्या सुमारास जंगलाच्या एका टोकाला पाऊस आला. स्पाची ही ख्यातीच आहे. एका वळणावर ऊन आणि दुसऱ्यावर सर. आमच्या पुढची एक गाडी फिरून गवतात गेली. कोणाला इजा झाली नाही. पुतण्या आत आला, हेल्मेट काढले आणि म्हणाला, 'आज पुरे.' अजून दोन तास शिल्लक होते, पैसे भरलेले होते. मी म्हटले, 'फुकट जातील की.' तो हसला. 'जाऊ देत, काका. थकलोय मी. थकल्यावर माणूस चुका करतो.'

हॉटेलवर न जाता त्याने गाडी माल्मेदी आणि स्ताव्हलो यांच्यामधल्या रस्त्याला घेतली. जुने सर्किट आजच्याच्या दुप्पट लांब होते आणि ते गावच्या सार्वजनिक रस्त्यांवरून जाई. मास्ता नावाच्या वस्तीतले, घरांमधून जाणारे एक वळण त्याला मला दाखवायचे होते. समोरून ट्रॅक्टर येत होता, शेजारी गाई चरत होत्या. 1966 साली बेल्जियन ग्रां प्रीत पहिल्याच फेरीला पावसाने गाठले आणि जॅकी स्टुअर्टची गाडी इथे रस्ता सोडून उडाली. मोडलेल्या गाडीत तो पेट्रोलने भिजत अडकून पडला. मदतीला धावले ते दोन स्पर्धकच, ग्रॅहम हिल आणि बॉब बाँडुरँट. त्यांच्याकडे हत्यारे नव्हती, ती एका प्रेक्षकाकडून मागून आणली. पुढे रुग्णवाहिकाही वाट चुकली. स्टुअर्ट वाचला, तीनदा जगज्जेता झाला. पण त्याचे मोठे काम वेगळेच आहे. वाचल्यावर त्याने नशिबाचे आभार मानून विषय संपवला नाही. कठडे कुठे नव्हते, डॉक्टर का नव्हता, पट्टे का नव्हते, हे तो वर्षानुवर्षे विचारत राहिला. लोक त्याला भित्रा म्हणाले. 1969 साली चालकांनी या सर्किटवर यायलाच नकार दिला. 1970 नंतर ग्रां प्री इथून गेली, ती 1983 साली परतली ती नव्या, आखूड रस्त्यावर. सकाळी ज्या नियमांवर सह्या झाल्या, त्यांच्यामागे अशा अपघातांचा हिशेब आहे.

पुतण्याने गाडी कडेला घेतली. समोर पाहतच म्हणाला, 'काका, बाबांच्या वेळी ट्रकवाल्याची चूक होती ना?'

तीस वर्षे आमच्या घरात हेच उत्तर आहे. पंचनाम्याच्या वेळी मी तिथे होतो. दादाने वळणावर, समोरचे काही दिसत नसताना, ट्रकच्या मागून गाडी बाहेर काढली होती. त्याला पुण्याला लवकर पोचायचे होते, एवढेच. वहिनींना सोसणार नाही म्हणून मी ट्रकवाल्याचे नाव पुढे केले. ते इतक्यांदा सांगितले की मलाही खरे वाटू लागले. बुडीत खाते चांगल्या खात्यांत दाखवत राहावे, तसे.

'नाही,' मी म्हटले. 'चूक दादाची होती.'

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'मला वाटतच होतं. म्हणून तर शिकलो गाडी चालवायला.'

वाचकहो, वेग ही काही परदेशाची मिरास नाही. मी खेड तालुक्यातला. बैलगाडा शर्यतीच्या घाटात पुढे घोडी आणि मागे बारी सुटली की भल्या म्हाताऱ्यांचे फेटे उडताना मी पाहिले आहेत. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या शर्यती थांबवल्या. नियम घालून त्या पुन्हा सुरू झाल्या आणि 2023 साली घटनापीठाने त्या कायद्याला मान्यता दिली. आवड मारली गेली नाही, तिला कुंपण मिळाले. मोटारीच्या वेगाला मात्र आपण कुंपण देत नाही, फक्त दूषण देतो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरला करी, ग्रेटर नोएडाला 2011 साली झालेले बुद्ध सर्किट अशा मोजक्या जागा सोडल्या, तर पोरांना वेग अजमावायला उरतो तो रात्रीचा महामार्ग. तिथे सूचना देणारा कोणी नाही, झेंडा नाही. आणि समोरून दुधाच्या किटल्या घेऊन येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने कशावरही सही केलेली नाही. त्याचे तारण आपण परस्पर गहाण टाकतो.

2022 साली देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे गेली. सरकारी तक्त्यात त्यांतले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू 'अतिवेग' या रकान्यात आहेत. रकाने कसे भरले जातात ते मला ठाऊक आहे, मी जन्मभर तेच केले. त्या एका शब्दाखाली न दिसणारे वळण, बंद दिवे, न शिकता मिळालेला परवाना, थकलेला चालक असे किती तरी गाडले जाते. आमच्या घरातल्या 'ट्रकवाल्याची चूक' या शब्दांसारखे. खरे कारण लिहिले नाही की पुढचा माणूस त्याच वळणावर जातो.

परत आल्यावर वहिनींना भेटलो. 'समजावलंत?' त्यांनी विचारले. मी म्हटले, 'नाही. त्याला समजवायची गरज नाही. पण तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, तीस वर्षं उशिरा.' सांगितली. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

'मला तेव्हाच कळलं होतं, भावजी,' त्या म्हणाल्या. 'तुम्हाला सोसणार नाही म्हणून बोलले नाही.'