लगीन कोनाचा?

आमच्या भाचीने बारावीनंतर 'इंटिरिअर डिझाइन'च्या पदवी अभ्यासक्रमाला नाव घातले, तेव्हा घरात एक छोटीशी सभाच भरली होती. "म्हणजे पडदे आणि गाद्या ना?" असा प्रश्न तिच्या आजीने टाकला. "पडदे शिवायला चार वर्षं कशाला लागतात?" असा पोटप्रश्न तिच्या काकांनी विचारला. मी मामा. भाचीची बाजू घेणे हे माझे जन्मसिद्ध कर्तव्य. म्हणून मी ठासून सांगितले, की हे शास्त्र आहे. कसले शास्त्र, ते मला ठाऊक नव्हते. ते पुढे हळूहळू कळत गेले, आणि त्यातला महत्त्वाचा धडा जव्हार-मोखाड्याच्या वाटेवर कळला. वाचकहो, यंदाच्या दिवाळीला तोच आपल्यापुढे ठेवतो.

ह्या पोरांचे आयुष्य एकदा जवळून पाहावे. रात्री दोन वाजता घरातला दिवा जळत असतो आणि जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचे एक घर उभे राहत असते. बोटाला ब्लेड लागून चिकटपट्टी बांधलेली, केसांत फेविकॉल, समोर थंड झालेला चहा. बोटभर उंचीच्या खुर्च्या, नखाएवढे दिवे. सकाळी ते घर दोन्ही हातांवर तोलून लोकलच्या गर्दीतून न्यायचे! वाटेत एखादा मजला कोसळलाच, तर कॉलेजच्या जिन्यात बसून तो पुन्हा चिकटवायचा. मग 'ज्युरी'. म्हणजे चार जाणती माणसे समोर बसतात आणि महिनाभराच्या जागरणाकडे पाच मिनिटे बघून विचारतात, "हे असंच का?" ह्या 'का'ला जो उत्तर देईल तो पास. आमची भाची ह्या 'का'ला फार भीत असे.

तरीही तिसऱ्या वर्षी तिने बक्षीस आणले. विषय होता महामार्गावरचे एक उपाहारगृह. तिने त्याच्या भिंती गेरूच्या रंगाच्या केल्या होत्या आणि त्यांवर पांढऱ्या रेषांची वारली चित्रे. गल्ल्यामागच्या भिंतीवर एक मोठा नक्षीदार चौकोन, आणि शोभेला तोल यावा म्हणून तसेच आणखी दोन. परीक्षक खूश झाले, वार्षिक प्रदर्शनात चित्र लागले, आजीने शेजारणींना बोलावून ते मोबाइलवर दाखवले. पडद्या-गाद्यांचा प्रश्न कायमचा मिटला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांच्या वर्गाची अभ्याससहल निघाली. ठिकाण होते मोखाडा तालुक्यातला एक पाडा, आणि काम काय, तर एक घर मोजायचे. टेप घेऊन खांब, भिंती, चूल, उंबरठा सगळे इंचाइंचाने मोजायचे आणि कागदावर उतरवायचे. माझा एक स्नेही जव्हारला असतो. त्याला भेटण्याचे निमित्त करून मीही त्यांच्या मागोमाग गेलो.

ही घरे मोजण्याची रीत नवी नाही बरे! आपल्या मुंबईत सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा सुरू झाली. तिथले जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याला जात राहिले आणि लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला काढत राहिले. त्या नकला लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या पुष्कळ जळाल्या. मागाहून क्लॉड बॅटली आपल्या विद्यार्थ्यांना जुन्या वास्तू मोजायला लावीत. त्यांनी १९३४ मध्ये ह्या देशातल्या वास्तुरचनेवर मोजणीच्या रेखाटनांचे मोठे पुस्तकच काढले. आणि १९२४ साली लंडनजवळ वेम्ब्लीला साम्राज्याचे प्रदर्शन भरले, तेव्हा ह्याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी सजवलेली एक 'हिंदी खोली' तिथे मांडली गेली. सजावट शिकायची तर आधी दुसऱ्याच्या भिंतीसमोर मुकाट्याने बसायचे, अशी ही परंपरा आहे. आमच्या भाचीच्या बाईही बसमध्ये एवढेच म्हणाल्या, "आधी मोजा, मग बोला."

जव्हार म्हणजे मुकणे राजांचे जुने संस्थान. १९४८ साली ते विलीन झाले, ठाणे जिल्ह्यात आले आणि २०१४ च्या १ ऑगस्टपासून नव्या पालघर जिल्ह्यात गेले. गावाबाहेर राजांचा जयविलास वाडा आहे. पोरांनी तिथले खांब आणि घुमट बघून घेतले, फोटो काढले. तिथून मोखाड्याकडे निघाले, की रस्ता डोंगरांतून वळणे घेत जातो. पावसाळ्यात इथे आभाळ फाटते आणि एप्रिल-मे महिन्यांत बाया हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरतात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची पोरे भुकेने आणि आजाराने गेली, तेव्हा ह्या भागाचे नाव सगळ्या महाराष्ट्राला कळले. अशा मुलखात 'सजावट' शिकायला आलेली पोरे बघून माझ्या मनाला थोडा संकोचच वाटला, हे लपवत नाही.

घर एका वारली म्हातारीचे होते. पोरे तिला आजी म्हणू लागली. लाकडाचे खांब, कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर कौले. पहिला घोटाळा झाला तो काटकोनाचा. टेप लावली, तर समोरासमोरच्या भिंती सारख्या भरेनात. एका मुलाने तीनदा मोजले आणि हताश होऊन विचारले, "आजी, ही भिंत वाकडी का?" आजीने बोटाने खांब दाखवला. झाडच तसे वाढले होते, त्याला ती काय करणार?

दुसरा घोटाळा खिडकीचा. घराला खिडकी नव्हतीच. आत शिरले की मिनिटभर काही दिसत नाही. मग डोळे स्थिरावतात. छप्पर आणि कूड यांच्या फटीतून उजेडाच्या सळ्या येतात, आणि बाहेर ऊन तापलेले असताना आत गारवा असतो. एका अंगाला गुरे, दुसऱ्या अंगाला चूल, मध्ये भाताची कणगी, बांबूची विणलेली, शेणाने लिंपलेली. चुलीच्या धुराने पोरांना ठसका लागला. एकीने लगेच वहीत लिहिले, 'धुराडे हवे.' आजीला ते सांगितले, तेव्हा तिने वर टांगलेल्या बियाण्याच्या कणसांकडे हात केला. धूर आहे म्हणून त्यांना कीड लागत नाही. पण हे सांगताना तिचे स्वतःचे डोळे धुराने गळत होते, हेही मी पाहिले. त्या पोरीने 'धुराडे हवे' खोडले नाही. त्याखाली 'बियाणे कुठे ठेवायचे?' असे लिहिले. मला ती मुलगी आवडली.

दुपारी भाकरी खाताना आमच्या भाचीने मोबाइल काढला आणि आजीला आपले बक्षिसाचे चित्र दाखवले. तिला वाटले, आपल्या भिंतीवरची चित्रे शहरात पोचलेली बघून म्हातारी हरखेल. म्हातारीने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, पुन्हा जवळ घेतला. मग गल्ल्यामागच्या त्या नक्षीदार चौकोनावर बोट ठेवून विचारले,

"लगीन कोनाचा?"

भाचीला समजेना. आजीने पुढचे दोन चौकोन मोजले. "एका घरात तीन?" असे म्हणून ती तोंडाला पदर लावून हसली. वाईट काहीच नव्हते त्या हसण्यात. पण आमच्या भाचीचा चेहरा मात्र ज्युरीसमोर व्हावा तसा झाला.

तो चौकोन म्हणजे नुसती नक्षी नव्हती. तो लग्नचौक. घरात लग्न निघाले, की सवाशिणी आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने तो लिहितात. त्याच्या मध्ये पालघाट देवी असते. धवलेरी गाणी गाते, देवांना बोलावले जाते आणि मगच लग्न लागते. लग्न नसेल तर चौक नाही. पुढे धुराने, लिंपणाने तो पुसट होत जातो, आणि त्याचे कुणाला दुःख नसते. पुढच्या लग्नाला पुन्हा लिहायचाच आहे. भाचीने काय केले होते? महामार्गावर मिसळपाव खाणाऱ्यांच्या डोक्यावर, वऱ्हाड नाही, नवरानवरी नाही, अशी तीन लग्ने लावून ठेवली होती!

आता कोणी म्हणेल, मग ही चित्रे शहरात आणूच नयेत काय? तसे मुळीच नाही. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे चित्रकार वारली पाड्यांवर फिरले, त्यांनी तिथे कागद आणि रंग दिले. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी त्या कागदावर मासेमारीची जाळी, मुंग्यांची वारुळे, तारप्याचा नाच असे आपले सारे जग उतरवले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. त्यांनी चित्रे विकली आणि मानाने विकली. पण कागदावर काय काढायचे, हे त्यांचे त्यांनी ठरवले होते. आमच्या भाचीने मात्र दुसऱ्याच्या देवघरातली समई उचलून, शोभते म्हणून, आपल्या ओसरीवर लावली होती, विचारलेही नव्हते.

परतीच्या बसमध्ये ती गप्प होती. मीही उपदेश केला नाही. मामांनी कधी बोलू नये, हे मला कळते.

शेवटच्या वर्षाला तिने विषय घेतला तो घरकुलाचा. सरकारी योजनेतून गावोगावी पक्की घरे होत आहेत. त्यांचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. कुडाच्या घराची दर साली डागडुजी करून थकलेल्या माणसाला पक्क्या भिंतीचे मोल आपण काय सांगावे! पण त्या २५ मीटरांत कणगी कुठे बसणार, बियाणे कुठे टांगायचे, धूर कुठून जाणार आणि कोंबड्या रात्री कुठे राहणार, हे तिने कागदावर सोडवत आणले. आणखी एक अडचण होती. वाघबारस, दिवाळी झाली की ह्या भागातली कितीतरी कुटुंबे घराला ताटी लावून वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात. तेव्हा काही महिने मिटून ठेवायचे घर कसे असावे, उंदीर-वाळवीपासून धान्य कसे राखावे, ह्याचाही तिने विचार केला. ह्या कामासाठी ती तीनदा एस.टी.ने त्या पाड्यावर गेली आणि दर वेळी आधी आजीला विचारून आली.

ज्युरीत एका परीक्षकांनी विचारले, "ह्यात सजावट कुठे आहे?" भाचीने नकाशातल्या आतल्या एका भिंतीवर बोट ठेवले. तिथे खिडकी नव्हती, कपाट नव्हते, रंगही नव्हता. सिमेंटवर शेणमातीचा लेप धरावा म्हणून भिंत खरबरीत ठेवा, एवढीच सूचना होती.

"ही रिकामी का?"

"घरातलं लग्न निघेल तेव्हा त्या बाया लिहितील, सर. ते माझं काम नाही."

तिला बक्षीस मिळाले नाही. गुण बेताचेच पडले. आजी अजूनही शेजारणींना उपाहारगृहाचेच चित्र दाखवते. मी मात्र त्या रिकाम्या भिंतीची एक प्रत मागून घेतली आहे आणि माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. परवा दिवाळीच्या साफसफाईत आमच्या सौभाग्यवतींनी ती पाहिली आणि विचारले, "ह्यात बघण्यासारखं काय आहे?"

मी म्हटले, "अजून काही नाही. लग्न ठरायचं आहे."